पाणंदीसाठी घेतलेले ए/टी टायर: बोलेरो, एक पावसाळा, चौदा हजार किलोमीटर

आधी हिशेब सांगते, मग बाकीचं. चार ए/टी टायर, म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे. एक ६,४०० ला, म्हणजे २५,६००. जुने चार दुकानदारानं ४०० ला एक असे ठेवून घेतले, ते वजा. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह मिळून १,२००. खिशातून गेले २५,२००. तारीख ५ जून २०२५. पुढे सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे साडेतीन महिने थांबले असते तर बरोबर दोन हजार वाचले असते. पण त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला होता, आणि उसाची रोपं काही सप्टेंबरची वाट बघत ट्रेमध्ये उभी राहत नाहीत.

कराडजवळ आमची ऊस रोपवाटिका आहे. मुख्यतः को ८६०३२ आणि फुले २६५ ह्या उसाच्या जाती. एकरभराची रोपं टेम्पोनं जातात, तिथली काळजी टेम्पोवाल्याची. पण लागण होऊन दोन-तीन आठवडे झाले की फोन सुरू होतात, "ताई, नांग्या पडल्यात, तीनशे रोपं पाठवा." नांग्या म्हणजे रोपं मरून सरीत राहिलेल्या मोकळ्या जागा. तीनशे रोपांसाठी टेम्पो परवडत नाही. मग बोलेरोच्या मागच्या आडव्या सीटा दुमडायच्या, ट्रे रचायचे आणि मीच निघायचं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टातली, त्यामुळे नांग्या भरायचं काम येतं ते भर पावसात. आणि शेतकऱ्याचं रान डांबरी रस्त्याला लागून असलं तर तो नशीबवान. बहुतेकांचं शेवटचं अर्धा-एक किलोमीटर म्हणजे पाणंद. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या, त्यात पाणी.

गाडी २०१९ ची. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना, फोर-व्हील नाही. टायरचा साइझ २१५/७५ आर १५. तोवर रस्त्याच्या नक्षीचेच टायर होते, ज्यांना एच/टी म्हणतात, आणि डांबरावर त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. २०२४ च्या पावसाळ्यात मात्र मी तीनदा रुतले. तिन्ही वेळा ट्रॅक्टरनं ओढून काढावं लागलं. एका वेळचे पाचशे रुपये, आणि "बाईमाणसानं कशाला आणायची गाडी इथवर" हा सल्ला फुकट.

टायर बदलायचे ठरल्यावर घरातला पहिला तज्ज्ञ पुढे आला तो पुतण्या. त्याच्याकडे थार आहे आणि तिला त्यानं मड टायर घातलेत, आपल्याकडे पोरं ज्याला बटण टायर म्हणतात तसले. मोठे मोठे ठोकळे, मधे बोट घालता येईल एवढ्या खाचा, कडेला पांढरी अक्षरं. "काकी, घ्यायचे तर एम/टीच घ्या, ए/टी म्हणजे धड ना इकडचं धड ना तिकडचं." मी म्हटलं, चल, पाटणपर्यंत फिरवून आण. साठच्या पुढे काटा गेला आणि गाडीत पिठाची गिरणी सुरू झाली. मी त्याला विचारलेलं त्याला ऐकू येईना, तो सांगतोय ते मला. येताना भुरभुर पाऊस आला. एका ठिकाणी सिमेंटच्या रस्त्यावर समोर म्हैस आली, त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी अपेक्षेपेक्षा हातभर जास्तच पुढे गेली. म्हैस शहाणी होती म्हणून थांबली. ह्यात टायरचा दोष नाही. मड टायर बनतोच चिखलासाठी. खाचा मोठ्या म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ते कळतं. माझ्या शंभर किलोमीटरांतले पंच्याण्णव डांबरावर आणि सिमेंटवर होतात. उरलेल्या पाचांसाठी रोज गिरणीत बसायची माझी तयारी नव्हती.

तर ए/टी. ह्यात ठोकळे जवळजवळ असतात, त्यांच्यावर सुरीनं ओढल्यासारख्या बारीक चिरा असतात, आणि खांद्याला, म्हणजे नक्षी जिथं कडेला वळते तिथं, जरा जाड दात असतात. नावावरून काही ठरवू नका, हे मला दुकानात गेल्यावर कळलं. अपोलोचा ॲप्टेरा म्हटला की तो ए/टी असेलच असं नाही, त्यात एच/टीही येतो. जेकेच्या रेंजरचंही तेच. बाजूवर पूर्ण नाव वाचायचं आणि मग हातानं नक्षी चाचपायची. एम+एस असा एक शिक्का असतो, मड अॅण्ड स्नो. तो रस्त्याच्या टायरवरही सर्रास असतो, त्यावर भुलून पैसे जास्त द्यायचं कारण नाही.

पहिलं दुकान गावातलंच. नाव लिहीत नाही, उद्या पुन्हा तोंड बघायचंय. तिथल्या माणसानं गाडी बघताच सांगितलं, "वहिनी, हिला २३५/७५ टाका. बसतंय. गाडी उंच दिसते, रुबाब येतो." मी घरी येऊन मुलाला कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं. माझ्या साइझचं चाक जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत साधारण ७०३ मिलिमीटर भरतं, तो सांगत होता ते ७३३. फरक तीस मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे पंधरा. दीड सेंटीमीटर! आणि त्यापायी काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशेचारनं पळणार, स्टिअरिंग जड होणार, आणि मागे ट्रे भरून चाक पूर्ण वळवलं की आतून मडगार्डला घासायची भीती. शिवाय रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. आमच्या पाणंदीत वर वीतभर राड असते आणि खाली बऱ्याचदा मुरूम. मला कापणारा हवा, तरंगणारा नको. साइझ कंपनीचाच ठेवला.

त्याच दुकानातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यानं माझ्या साइझचा ए/टी आणून समोर उभा केला. काळाकुळीत, चकचकीत, दर टायरमागे आठशे रुपये कमी. मी मोबाइलची बॅटरी लावून टायरची कड वाचत बसले. एका बाजूला काही नाही. उलटा करायला लावला, तर तिथं लांबलचक अक्षरांच्या शेवटी, अंड्याच्या आकाराच्या चौकटीत चार आकडे: २२२१. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २०२१ सालचा बाविसावा आठवडा. म्हणजे चार वर्षं हा टायर कुठल्यातरी गोदामात निजला होता आणि वरून पॉलिश फासून नवरदेव केला होता. मी विचारलं, भाऊ, हा चार वर्षांचा आहे. तर म्हणतो, "वहिनी, रबर म्हणजे काय लोणचं आहे का नासायला?"

लोणचं मुरलं की चव येते, रबर मुरलं की चिरा पडतात. एवढं बोलून मी उठले.

हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी बघायचे. एकदा ती बाजू आत गेली की गाडीखाली झोपून वाचावं लागतं. चार वर्षांचा टायर लगेच फुटतो असं मी म्हणत नाही. नीट सावलीत ठेवला असेल तर चालेलही. पण त्याच्या आयुष्यातली चार वर्षं मी वापरलेलीच नाहीत, मग ताज्या मालाच्या जवळपासचे पैसे का द्यायचे? आणि मला सहा वर्षं तरी टायर वापरायचा असतो.

ऑनलाइन बघितलं. टायरमागे तीनशे रुपये कमी दिसत होते. पण तारीख डबा घरी येईपर्यंत कळणार नव्हती, आणि चढवायला शेवटी दुकानातच जायचं होतं. तीनशेसाठी तो जुगार नको वाटला. ज्यांना शहरात घरी येऊन चढवून देणारे मिळतात त्यांचं गणित वेगळं असेल.

मग कोल्हापूर. तिथं एकानं रिमोल्ड दाखवला: जुन्या टायरवर नवी मड नक्षी चढवलेला, जवळपास निम्म्या किमतीत. खरं सांगते, मोह झाला. दिसायला पुतण्याच्या थारलाही मागे टाकेल असा. आणि ज्याची जुनी जीप फक्त शेत ते गोठा एवढीच फिरते त्यानं जरूर घ्यावा. ट्रकवाले मागच्या चाकांना रिमोल्ड वापरतातच. पण माझं माहेर चिपळूणकडं आहे, मला वर्षातून सात-आठ वेळा कुंभार्ली घाट उतरायचा असतो, तोही घरचं माणूस गाडीत घेऊन. खालच्या जुन्या टायरनं आधी काय काय भोगलंय ते वरच्या नव्या नक्षीवरून कळत नाही. ठेवला परत. बाहेरचे नामवंत टायर, बीएफगुडरिचसारखे, तिथं होते, पण एकाच्या पैशात माझे दोन आले असते. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली आहे, त्यामुळे पूर्वी मधल्या किमतीत चिनी आणि थायलंडचा माल दिसायचा तोही आता फारसा समोर येत नाही. स्वस्तात घ्यायचं तर इथंच बनलेला टायर, हे आपोआप ठरतं.

तिसरं दुकान हमरस्त्याकडेचं. मालक फारसा बोलत नव्हता, ते मला आवडलं. साइझ सांगितला, ए/टी म्हटलं, त्यानं दोन कंपन्यांचे टायर आणून ठेवले आणि स्वतःच उलटे केले, तारीख माझ्याकडे. एकावर ३८२४, दुसऱ्यावर ०९२५. मी ०९२५ घेतला. कोणत्या कंपनीचा ते विचारू नका, कारण मी कंपनी निवडलीच नाही, आठवडा निवडला. दुसऱ्या दिवशी गेले असते तर कदाचित दुसऱ्याच नावाचा घेऊन आले असते. देशी मोठ्या कंपन्यांच्या ए/टीत ह्या साइझला, ह्या किमतीला, मला पाणंदीत फरक कळेल असं वाटत नाही. ताज्या आणि शिळ्या टायरमधला फरक मात्र कळतो. नखानं दाबून बघा. ताजं रबर जरा नमतं. बाजूवर आयएसआयचा शिक्का आणि १०० एस होतं. १०० चा अर्थ एका टायरनं ८०० किलो पेलायचं. एस म्हणजे ताशी १८०, जो वेग आमच्या बोलेरोनं स्वप्नातही बघितलेला नाही. वेगाचं अक्षर सोडा, पण वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ओल्या कोकोपीटचे ट्रे दिसतात हलके, उचलणाऱ्याच्या कंबरेला विचारा.

बिलावर चारही टायरांचे नंबर लिहून घेतले. कारखान्यातला दोष निघाला तर त्यावर दावा करता येतो. कापलं, फाटलं, खड्ड्यात आपटून फुगा आला, तर ते आपलं.

चढवणारे चाचा साठीच्या पुढचे. हवेच्या बंदुकीनं टर्रर्र करून नट आवळायला लागले तसं मी थांबवलं. म्हटलं, चाचा, शेवटचा पीळ पान्यानं द्या. त्याचं कारण आहे. २०२३ साली एका दुसऱ्या ठिकाणी अशाच बंदुकीनं आवळलेले नट होते आणि मी पावसात, एकटी, रस्त्याच्या कडेला, पान्यावर उभी राहून उड्या मारत होते. तीन निघाले, दोन नाही. शेवटी एक दूधवाला आला. चाचा हसले नाहीत. पाना घेतला, एकाआड एक असे पाचही नट हातानं आवळले, मग पाना माझ्या हातात दिला, "बेटा, खोलून बघ." सुटला. पुन्हा आवळून दिला आणि म्हणाले, शंभर किलोमीटर झाले की एकदा परत बघ. त्या दुकानाला मी पाचपैकी पाच देते ते ह्या एका नटासाठी.

जुन्या पाचांतला सगळ्यात बरा होता तो स्टेपनीला ठेवला. खरं तर पाच घ्यायला हवे होते, पाची चाकं फिरती ठेवता आली असती. पण जूनमध्ये रोपवाटिकेचा सगळा पैसा ट्रेमध्ये असतो.

नवा टायर पहिल्या दोनशे किलोमीटरांत जरा निसरडा असतो, साच्यातून सुटायला लावलेलं रसायन वर असतं. ते घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर जपून. मला चाचांनी सांगितलं होतं तरी विसरले, आणि ओगलेवाडीच्या वळणावर मागचं एक चाक किंचित सरकलं तेव्हा आठवलं.

आता चिखल.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रेठरे बुद्रुककडच्या एका रानात पहिली परीक्षा झाली. कृष्णाकाठची काळी माती ज्यांनी पायानं तुडवली आहे त्यांना सांगायला नको. ती भिजली की मळलेल्या कणकेसारखी होते आणि चपलेला धरते तशीच टायरलाही धरते. मी मुद्दाम शंभर फूट आत जाऊन थांबले, उतरून बघितलं. नवी कोरी, एवढी खोल नक्षी, आणि ती दिसतच नव्हती! खाचा काठोकाठ भरलेल्या, टायर गुळगुळीत काळा लाटणं झालेला. इथं पुतण्या बरोबर होता, हे मान्य. मड टायरच्या खाचा रुंद असतात, चाक जोरात फिरलं की माती फेकली जाते आणि नक्षी पुन्हा उघडी पडते. ए/टीच्या खाचांतून काळी माती तशी सहज सुटत नाही. आणि मागे रोपांचे ट्रे असताना चाक जोरात फिरवून माती उडवायची म्हणजे ट्रे एकमेकांवर.

तरी गाडी निघाली. कशामुळे, ह्यावर मी नंतर बराच विचार केला, कारण पंचवीस हजार दिलेत. एक, खांद्याचे दात. मधली नक्षी भरली तरी टायर चाकोरीच्या भिंतीला घासतो तिथं ते दात धरतात. रस्त्याच्या टायरचा खांदा गोल आणि सपाट असतो, तो नुसता घसरतो. दोन, हवा. पाणंदीच्या तोंडाशी थांबून मी मागच्या दोन्ही चाकांची हवा वीस पीएसआयवर आणली होती. हवा उतरली की टायर खाली लांबट पसरतो आणि जास्त रबर जमिनीला लागतं. ह्याला पैसे लागत नाहीत, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्धा फायदा ह्याचाच असेल. जुन्या टायरांवरही हे केलं असतं तर २०२४ मधला एखादा ट्रॅक्टर वाचला असता. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पण उतरवलेली हवा परत भरावी लागते, नाहीतर डांबरावर टायर तापतो. म्हणून गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेतला. एका चाकाला पाच-सहा मिनिटं, आवाज शिलाई मशीनसारखा. हवेचा मापकही स्वतःचा ठेवा. आमच्या वाटेवर पंक्चरवाले अण्णा आहेत, केरळचे, वीस वर्षं इथं, मराठी माझ्यापेक्षा वेगानं बोलतात. त्यांच्या मापकात आणि पेट्रोल पंपावरच्या मापकात चारचा फरक निघाला. अण्णा म्हणाले, पंपावरच्यावर मी स्वतःच्या सायकलची हवापण भरणार नाही. डांबरावर किती हवा ठेवायची ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

रुतलेच नाही का? रुतले. एकदा, ऑगस्टात, कालेच्या बाजूला. तिथं ट्रॉलीनं चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्या होत्या की मधला उंचवटा मागच्या एक्सलच्या गोळ्याला टेकला आणि चाकं जवळजवळ अधांतरी राहिली. पोट टेकल्यावर खाली कुठला टायर आहे ह्याला काही अर्थ नसतो, तिथं पुतण्याची थारही बसली असती. मी उतरून आधी चालत बघायला हवं होतं, पाऊस होता म्हणून आळस केला. शेतकऱ्याच्याच ट्रॅक्टरनं काढलं. पैसे घेतले नाहीत, दहा रोपं जास्तीची घेतली.

तीनावरून एक. माझ्या लेखी ट्रॅक्टरचे हजार वाचले आणि त्याहून जास्त म्हणजे फोन आल्यावर पोटात यायचा तो गोळा गेला. मात्र वाफसा आलेल्या रानात कुठलाही टायर चालतो आणि सलग तीन दिवस पाऊस झालेल्या काळ्या रानात कुठलाच नाही. त्या दिवशी मी अजूनही सांगते, "दादा, परवा येते."

कोकणातला चिखल निराळा. गणपतीला माहेरी गेले, चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आम्ही दोन दिवस आधी निघालो. हेळवाकपासून धुकं, कुंभार्लीत पाऊस, आणि वळणावळणाला खड्डे. घाटात टायरनं मला आवडावं असं काही वेगळं केलं नाही, पण भीती वाटावी असंही काही केलं नाही, आणि घाटात मला तेवढंच हवं असतं. खड्ड्यांत मात्र फरक जाणवला. ह्या टायरची बाजू जुन्यापेक्षा जाड आहे, दणका बसतो पण रिमपर्यंत पोचल्यासारखा वाटत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की रिकाम्या गाडीत बारीकसारीक खडीसुद्धा कंबरेला सांगून जाते. पोफळीच्या खाली उतरलं की लाल माती. ही धरत नाही, निसटते. जांभ्याची खडी आणि वर पातळ लाल राड, तिथं ए/टी अगदी मजेत चालला, खाचा भरल्याच नाहीत. मला वाटतं कोकणातल्या माणसानं मड टायरच्या नादाला लागूच नये. आमच्या घराकडं चढणारी घाटी जांभ्या दगडाची, तिच्यावर हिरवं शेवाळ. तिथं गाडी निम्म्यावर जाऊन सावकाश, नम्रपणे, मागे आली. भावानं माडाच्या चार झावळ्या टाकल्या, मग चढली. हे तंत्र आमचे वडील जीपला वापरायचे.

तोट्यांचंही सांगते. आवाज आहे. गिरणी नाही, पण सत्तरच्या पुढे काचेत अडकलेल्या भुंग्यासारखी घूं सुरू होते, रेडिओ लावला की जाते. डिझेलला लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर कमी पडतो. आधी साडेचौदाच्या आसपास मिळायचे, आता चौदा. चौदा हजार किलोमीटरांत हे पस्तीसेक लिटर डिझेल झालं, म्हणजे जीएसटीच्या दोन हजारांहून जास्तच. हे कुठला दुकानदार सांगत नाही.

एक टायर कापलाही. ऑक्टोबरमध्ये तुटलेल्या उसाच्या रानातून गाडी वळवत होते, हवा वीसवरच होती, आणि बुडख्यानं कडेला बोटभर चीर पाडली. आरपार नाही, दोरे दिसत नव्हते. अण्णांनी बोटानं चाचपून सांगितलं, चालेल, पण मागे टाका आणि रोज बघा. हवा उतरवली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि नेमकी तीच नाजूक असते. चिखलात वीस ठीक, खोडक्यांत नाही. बाजूला आरपार चीर गेली असती तर दुरुस्ती नव्हती, सरळ ६,४०० गेले असते. नक्षीत शिरलेले काटे, खिळे, ते किरकोळ. दोनदा दोरी मारली, शंभर-शंभर रुपये.

परवा मुलाच्या डिप्लोमाचा व्हर्नियर घेऊन नक्षी मोजली. नवे होते तेव्हा साडेदहा मिलिमीटर होती. आता पुढचे ८.६, मागचे ८.१. कायद्यानं १.६ पर्यंत चालतं, खाचेत त्या उंचीच्या खुणा असतात. त्या हिशेबानं अजून चाळीसेक हजार किलोमीटर जातील. पण चिखलासाठी म्हणाल तर पाच मिलिमीटरच्या खाली नक्षीचा उपयोग मला वाटत नाही, म्हणजे माझे अठरा-वीस हजार उरले. पुढचा पावसाळा निघेल, त्याच्या पुढचा बघू. दर सात हजारांना पुढची मागे, मागची पुढे केलीत, म्हणून झीज एवढी सारखी आहे. मागचीच ताकदीची चाकं असल्यानं एरवी ती आधी गेली असती.

घरात ह्या टायरांविरुद्ध एकच ठाम मत आहे, ते सासूबाईंचं. खाचांत भरून आलेली काळी माती डांबरावर पडत नाही. ती रस्ताभर धरून राहते, अर्धवट वाळते, आणि बरोबर आमच्या सारवलेल्या अंगणात येऊन सुटते. ठोकळ्याठोकळ्याची, अगदी नक्षीसकट, फाटकापासून तुळशीपर्यंत दोन रांगांत. पहिल्या दिवशी त्यांनी खराटा आणून माझ्या हातात दिला. आता तो फाटकालाच टांगलेला असतो, आणि गाडी आत यायच्या आधी मी उतरून त्याच्या दांड्यानं खाचा कोरत बसते.